लढाई संपली, आता राहायचं कुठे?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "बघा" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात शाळेपासून करू. डिसेंबरचा पहिला आठवडा आठवतो? बाई वर्गात यायच्या, हातात छोट्या कागदी झेंड्यांचा गठ्ठा. तीन पट्टे: लाल, गडद निळा, आकाशी. घरून दोन-पाच रुपये आणायचे, डब्यात टाकायचे आणि झेंडा टाचणीने खिशाला लावायचा. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून दरवर्षी पाळला जातो. जिल्हाधिकाऱ्यांना निधीचं उद्दिष्ट मिळतं, ते खाली तालुक्याला, शाळेला, आपल्या डब्यापर्यंत येतं.

तो पैसा पुढे कुठे जातो, हे वर्गात कोणी विचारलं नाही. आज तेच विचारायचंय. आणि त्यातून एक जुना प्रश्न निघतो: लढाई संपल्यावर सैनिक राहतो कुठे?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? गावी राहतो, पेन्शन खातो. बहुतेकांचं तसंच असतं, आणि ते चांगलंच आहे. पण हिशोब करून बघा. जवान अठरा-एकोणीसाव्या वर्षी भरती होतो. पंधरा-सतरा वर्षं बराकीत. घर म्हणजे पलटणीची खाट आणि काळी लोखंडी पेटी. परत येतो तेव्हा वय पस्तीसच्या आसपास. तोवर भावांच्या वाटण्या झालेल्या असतात. वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीच्या तीन-चार एकरांत त्याचा हिस्सा केवढा? आणि हे पूर्ण नोकरी करून पेन्शन घेऊन आलेल्याचं झालं. जो मधेच घरी पाठवला गेला, ज्याची पलटणच मोडली, जो फक्त एका युद्धापुरता भरती झाला, त्याच्याकडे पेन्शनही नाही.

आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे सैनिकाच्या डोक्यावरचं छप्पर बहुतेक वेळा कागदावर उभं राहिलंय. कागद असला तर घर, नसला तर तो माणूस कोणाला दिसतच नाही.

थोडं मागे जाऊ.

१६५९. प्रतापगडाखाली अफजलखानाचा पाडाव झाला. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत या लढाईनंतरचा जो तपशील दिलाय, तो आपण सहसा वाचत नाही, कारण आपलं लक्ष वाघनखांवर असतं. सभासद सांगतो, जखमींना जखम बघून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. जे कामी आले त्यांच्या मुलांची सोय लावली. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकोला निम्मं वेतन चालू ठेवलं. पुढे पेशवाईच्या दफ्तरात याच कामासाठी एक शब्दच दिसतो: बालपरवेशी. लढाईत पडलेल्याच्या लेकराबाळांच्या पोटापाण्याची नेमणूक.

म्हणजे कल्पना नवी नव्हती. पण ती मिळायची नोंद असलेल्या माणसाला. अठराव्या शतकाच्या शेवटी फौजा वाढल्या, पगार थकायला लागले. शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे. धरणं आंदोलन हा शब्द आपण आज वापरतो, त्यामागे ही थकलेल्या पगाराची गोष्टसुद्धा आहे. ज्यांचा कोणीच धनी उरला नाही, त्यातले कित्येक पेंढाऱ्यांत सामील झाले. वऱ्हाडाने पेंढाऱ्यांची लूट भरपूर सोसली.

१८१७-१८ मध्ये इंग्रजांनी पेंढारी मोडले. पण म्होरक्यांचं काय झालं बघा. अमीरखानाला टोंकची नवाबी मिळाली. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं. जो उद्या पुन्हा त्रास देऊ शकतो त्याला घर, जमीन, सगळं. त्यांच्यामागे दौडणाऱ्या साध्या स्वारांसाठी असं काही नव्हतं.

आता आपल्या वाशिमकडे येऊ. इंग्रजी कागदांत याला 'बासीम' म्हणायचे. वाशिमहून साधारण तासाभराच्या अंतरावर हिंगोली. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या पैशाची, पण अधिकारी इंग्रज. निजामाकडून तिचा खर्च निघेना. कंपनी उसने पैसे घालत गेली आणि कर्ज वाढत जवळजवळ ५० लाख रुपयांवर गेलं. मग मे १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि या फौजेच्या खर्चापोटी अख्खा वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेला. वऱ्हाडच्या कापसावर त्यांचा डोळा होता हे खरं, पण तहाचं कारण म्हणून लिहिलं गेलं ते सैन्याचा खर्च.

जरा थांबून विचार करा. शिपायांचा पगार भागावा म्हणून एक आख्खा प्रांत गहाण पडला. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी भरलेला शेतसारा त्या पगाराकडे वळला. शिपायाच्या हातात बंदूक आहे तोवर राज्य त्याच्यासाठी एवढं करतं. बंदूक खाली ठेवल्यावर काय करतं, ते आता बघू.

यासाठी वऱ्हाडातून थेट कोकणात जावं लागेल, दापोलीला.

दापोली ही कंपनीच्या काळापासून लष्करी छावणी, म्हणून लोक तिला 'कॅम्प दापोली' म्हणायचे. पुढे तिथे पेन्शनर सैनिकांची वस्ती झाली. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणींतले महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, निवृत्तीनंतर आधी दापोलीलाच राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तिथून फार लांब नाही. तरी ते छावणीत राहिले, आणि पुढे साताऱ्याला नोकरी धरली.

का, ते समजायला फार डोकं लागत नाही. पलटणीत माणूस सुभेदार. हुद्दा आहे, गणवेश आहे, मुलांना शाळा आहे. गावी परतला की जागा गावकुसाबाहेर. हुद्दा वेशीवर उतरवून ठेवायचा. छप्पर मिळेलही, पण त्याला घर कसं म्हणायचं?

त्यात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. दापोलीतच राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. आमच्या पिढ्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलंय, आता दार बंद का, असा त्याचा आशय. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीची पेन्शन बंद, आणि पेन्शन बंद म्हणजे गावाच्या हुकुमातून सुटायची वाट बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. गरज होती तोवर सैनिक, गरज संपली की जा घरी. त्यांना नियमित रेजिमेंट मिळाली ती १९४१ मध्ये, बेळगावला.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात पडले, म्हणून गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' झालं. जे परतले त्यातले अनेक हात-पाय गमावून आले. त्यांच्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांची तंत्रशाळा निघाली. पुढाकार गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांचा, नाव राणी मेरीचं. नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथेच आहे. कल्पना साधी: एक पाय नसलेल्या शिपायाला एखादं हातातलं काम शिकवा, म्हणजे तो कोणाच्या ओसरीवर पडून राहणार नाही.

खडकीलाच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली हालचाल गेलेले जवान तिथे राहतात. व्हीलचेअर, व्यायाम, खेळ, काम. महाराष्ट्रात 'सैनिकाला राहायला घर' या शब्दांच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा कोणती विचाराल, तर मी खडकीचंच नाव घेईन.

पण खडकीला पोहोचतो तो ज्याची जखम दिसते तो. बाकीच्यांसाठी काय, तर कार्यालय. १९१९ मध्ये दिल्लीत इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं आणि त्याखाली प्रांत आणि जिल्हा पातळीवर मंडळं आली. हेतू दोन होते: परतलेल्यांची काळजी घ्यायची, आणि ते नाराज राहू नयेत हेही बघायचं, कारण पुढची भरती त्यांच्याच गावातून करायची होती. १९७५ मध्ये त्याचं नाव केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. आजही रचना तीच: केंद्र, राज्य, जिल्हा. जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हिंदी सैन्य २५ लाखांच्या आसपास होतं. त्यातले बहुतेक फक्त त्या युद्धापुरते घेतलेले. १९४५-४६ मध्ये लाखो जण सोडले गेले. हातात डिस्चार्ज बुक, काहींच्या छातीवर ब्रह्मदेशाचं किंवा आफ्रिकेचं पदक, आणि पेन्शन नाही, कारण नोकरीची वर्षं भरत नाहीत. १९४९ चा ध्वज दिन याच पार्श्वभूमीवर आला. म्हणजे तुमच्या-माझ्या दोन रुपयांची गोष्ट इथून सुरू होते.

आता एक फेरी अमेरिकेला, कारण तुलना केल्याशिवाय आपलं नीट दिसत नाही.

१९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो बेरोजगार अमेरिकन सैनिक बायका-मुलांसह वॉशिंग्टनला आले. कबूल केलेला बोनस आत्ताच द्या, एवढीच मागणी. नदीकाठी पत्रे आणि फळ्यांच्या झोपड्या टाकून राहिले. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हाताखालच्या फौजेने त्यांना हाकललं. झोपड्या जळाल्या. सैनिकांनीच माजी सैनिकांना हुसकलं, ही लाज देश विसरला नाही. दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, १९४४ मध्ये, कायदा आला: शिक्षणाला मदत, घराच्या कर्जाला सरकारची हमी. तरी व्हिएतनामनंतर रस्त्यावर झोपणारे माजी सैनिक दिसतच राहिले. मग त्यांनी वेगळी सोय केली. घरभाड्याचा मोठा हिस्सा एक खातं देतं, आणि माजी सैनिकांचं खातं सोबत एक माणूस देतं, जो दवाखाना, व्यसन, नोकरी, कागदपत्रं यात मदत करतो. आणि दर जानेवारीत एका रात्री मोजणी होते. २०२४ च्या त्या रात्री ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. २०१० च्या निम्म्याहून कमी.

अमेरिकेत सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. ३२ हजार हा आकडा शरमेचाच आहे. पण तो आकडा आहे. दरवर्षी कोणीतरी विचारतं, यंदा किती?

आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली. त्यात माजी सैनिक किती, हा रकानाच नव्हता. एसटी स्टँडवर झोपलेल्या म्हाताऱ्याला आपण "बाबा, जेवलात का" विचारतो. "पलटण कोणती होती" असं कोण विचारतं?

आता घरासाठी आज काय आहे ते सांगतो, कारण काही गोष्टी खरंच आहेत.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ ची. १९९५-९६ पासून तिचा लाभ लढाईत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि वारसांना खुला झाला, आणि गरिबीच्या अटीत बसणाऱ्या माजी सैनिकांनाही. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली, तिथेही अशा विधवांच्या कुटुंबांना अग्रक्रम आहे. युद्धात अपंग झालेल्यांनी आणि शहिदांच्या कुटुंबांनी घरासाठी कर्ज काढलं, तर ठराविक मर्यादेत अर्धं व्याज केंद्रीय सैनिक बोर्ड भरून देतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांना घरपट्टीतून सूट दिली. पण यातली बरीचशी मदत घर असलेल्याला किंवा कर्ज मिळू शकणाऱ्यालाच मिळते, हे लक्षात आलं ना? घरच नाही त्याला घरपट्टीची माफी काय कामाची?

तळाच्या माणसासाठी आहे ते 'पेन्युरी' अनुदान. वय ६५ च्या वर, हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, पेन्शन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला ४,००० रुपये मिळायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती रक्कम दुप्पट, म्हणजे ८,००० करायचा निर्णय झाला. पैसा येतो ध्वज दिनाच्या निधीतून. घ्या, तुमच्या डब्याचा पत्ता लागला. एखाद्या म्हातारीच्या खोलीचं भाडं आणि किराणा त्यात बसू शकतो.

अडतं ते कागदावर. अर्ज जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून ऑनलाइन जातो. डिस्चार्ज बुक लागतं. ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसात भिजलेलं, उंदराने कुरतडलेलं. बुकात नाव एक, आधारवर दुसरं. लग्नाची नोंद कधी केलीच नाही, म्हणून विधवा ही 'विधवा' ठरत नाही. ज्यांना पेन्शन आहे त्यांनाही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि पैसे थांबले की काही घरांत खाट ओसरीवर येते.

वाशिमच्या बाबतीत अजून एक. इंग्रजांनी १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला. तो पुन्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं मानोरा-रिसोडकडच्या म्हाताऱ्या शिपायाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची बस धरावी लागायची. किती कागद त्या अंतरातच राहिले असतील!

आता शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्यासाठी आहे. सकाळी पाचला रस्त्यावर धावणाऱ्या पोरांसाठी. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, कुठल्याही रस्त्यावर दिसतात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारातला एक जण पुढे घेतला जाणार. बाकीचे तिघं साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन परत. काही भरत्यांत त्यांना आरक्षण जाहीर झालंय, ते जरूर घ्या. पण योजनेच्या अटींत पेन्शन नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. त्यात चार मिळवा.

योजना बरी की वाईट, यावर भांडायला हा भाग नाही. इतिहासाचा भाग आहे, म्हणून इतिहासातलं सांगतो. १९२१ मध्ये पलटण मोडलेला महार शिपाई, १९४६ मध्ये सोडलेला युद्धापुरता शिपाई, दोघंही लढले होते. त्यांच्या वाट्याला कमी आलं, कारण त्यांच्या हातातला कागद छोटा होता. पेन्युरी अनुदानासारखी मदत आली, पण ती 'माजी सैनिक' या शब्दाला जोडलेली. उद्या ज्याच्याकडे तो शब्दच नसेल, त्याने कोणत्या खिडकीवर जायचं? हे आत्ताच विचारायला हवं, तो म्हातारा झाल्यावर नाही.

आणि आज करता येण्यासारखं एक काम. तुमच्या गावात, गल्लीत असा एखादा बाबा किंवा एखादी आजी असेल, ज्यांच्या घरी जुनं डिस्चार्ज बुक ट्रंकेत पडलंय. मोबाइल तुमच्याकडे आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढा. सैन्य क्रमांक, रेजिमेंट, भरतीची आणि सुटकेची तारीख लिहून ठेवा. आधारवरचं नाव जुळतं का बघा. मग त्यांना गाडीवर बसवून वाशिमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. नुसतं "जाऊन या बाबा" म्हणू नका, सोबत जा. बुक हरवलं असेल तरी जा. क्रमांक आणि रेजिमेंट माहीत असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे विचारता येतं.

एक सकाळ जाईल, कदाचित दोन. येत्या ७ डिसेंबरला डब्यात पैसे टाकालच, पण त्या पैशापर्यंत पोहोचायची वाट ज्याला सापडत नाहीये, त्याला ती दाखवणं हेही ध्वज दिनाचंच काम आहे.

असं कोणी भेटलं, काम झालं किंवा अडलं, तर आम्हाला कळवा. नावं नकोत, काय अडलं तेवढं सांगा. पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू मग.